उजवी ओळ थोरल्यांची

शेडचे पत्र्याचे दार सकाळी आधी थोडे उचलावे लागते आणि मग ढकलावे लागते. ते काम धाकटे साडू करतात. मग ते कालचा भुसा झाडून कोपऱ्यात लोटतात, खिडकीची फळी काठीच्या टेकूवर उघडतात आणि बाकावरच्या वाइसच्या लोखंडी पकडीत मशीनची लांब पट्टी आवळून बसवतात. तोवर थोरले साडू थर्मास घेऊन येतात. दोन पेल्यांत चहा ओततात, धाकट्यांचा पेला बाकापलीकडे सरकवतात आणि अलीकडच्या स्टुलावर बसतात. धाकटे पलीकडच्या स्टुलावर. दोघांच्या मधोमध, पट्टीभोवती वेढलेली, मी. पेले बाजूला झाले की दोघेही खिशातून आपापली कानस काढतात, आणि माझी सकाळ सुरू होते.

मित्रांनो, मी झाडे कापण्याच्या मशीनवरची साखळी आहे. आम्हा साखळ्यांचे वय दातांच्या लांबीवरून मोजतात. माझे दात झिजून बुटके झाले आहेत, म्हणजे मी आता म्हातारी. म्हाताऱ्या माणसांजवळ तक्रारी पुष्कळ असतात. माझ्याजवळ एकच आहे, पण ती इतके दिवस कोणी ऐकून घेतली नाही. मला तोंड नाही. मी बोलते ती कापातून. काप वाकडा गेला, तर ते माझे गाऱ्हाणे असते. टपोऱ्या ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, तर ती माझी हाक असते. हाका मारून मारून माझा जीव मेटाकुटीला आला, आणि माणसे मात्र कानाला टोपडे बांधून काम करीत राहिली.

माझी घडण आधी सांगते, नाहीतर माझा वैताग तुम्हाला कळायचा नाही. माझ्या अंगावर दातांच्या दोन ओळी आहेत. एक दात उजवीकडे कललेला, पुढचा डावीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे, असे अखेरपर्यंत. उजवे दात कापाची उजवी भिंत तासतात, डावे डावी. दोन्ही ओळींची धार आणि लांबी सारखी असेल तर मी लाकडातून सरळ रेषेत जाते. एक ओळ तीक्ष्ण आणि दुसरी बोथट झाली, की तीक्ष्ण ओळ मला आपल्या बाजूला ओढत नेते; मग मशीन धरणाऱ्याने कितीही जोर लावला तरी काप वाकतोच. म्हणून धार लावताना गोल कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची, सगळीकडे एकच कोन ठेवायचा, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात द्यायचे. एवढेच माझे पथ्य. याहून जास्त मी काही मागत नाही.

आता हे दोघे माझे मालक. दोन बहिणींचे नवरे, म्हणून एकमेकांचे साडू. धाकट्यांचे लग्न झाले तेव्हा त्यांच्या हाताला काम नव्हते. थोरल्यांनी त्यांना कसलेही उपदेश केले नाहीत; ‘उद्यापासून शेडवर या,’ एवढेच म्हणाले. पहिल्या सकाळी त्यांनी कानस पुढे केली, तेव्हा ती घ्यायला धाकट्यांचा डावा हात पुढे आला. थोरल्यांनी तो हात क्षणभर पाहिला आणि म्हणाले, ‘बरं झालं. उजवी ओळ माझी, डावी तुमची. भांडणच नको.’ त्या दिवसापासून एक दात थोरल्यांचा, एक धाकट्यांचा. ही हकिगत माझ्या जन्मापूर्वीची आहे. मला ती शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या जुन्या साखळ्यांनी सांगितली. त्यांच्या दोन्ही ओळी अगदी सारख्या झिजल्या आहेत. त्या म्हाताऱ्या फार सुखाने झिजल्या.

साडूचे नाते मोठे नाजूक असते. सख्ख्या भावाला ‘अरे, जरा नीट घास की’ असे म्हणता येते. परक्या माणसाला तर तोंडावर सुनावता येते. साडूला यांपैकी काहीच म्हणता येत नाही. हे दोघे आजही एकमेकांना अहो-जाहो करतात. शेवटचा लाडू ताटात असला की ‘तुम्ही घ्या’, ‘छे, तुम्ही घ्या’ करीत तो दोघेही टाकून उठतात. इतक्या मर्यादेने वागणाऱ्या माणसांमध्ये एकाने दुसऱ्याच्या ओळीला कानस लावणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखे होते.

मी या शेडवर आले तेव्हा डब्यातून तेलाने निथळत बाहेर पडले होते. पहिल्या दिवशी एका अंगणातले वाळलेले झाड कापले. ढलप्या अशा उडाल्या की थोरल्यांच्या मिशांत अडकल्या. ‘काय धार आहे हो!’ ते म्हणाले. ‘लोण्यातून सुरी फिरवावी तशी जातेय.’ मला तेव्हा वाटले, आपलेही आयुष्य भिंतीवरच्या म्हाताऱ्यांसारखे सुखात जाईल. काही महिने गेलेही.

मग एका सकाळी थोरल्यांची कानस माझ्या दातावरून नुसती घसरली.

कानशीला जोर अंगठ्याने द्यावा लागतो, आणि थोरल्यांचा अंगठा मुळाशी सुजला होता. पहिले काही दात त्यांनी ओठ आवळून नीट केले. पुढे कानस दाताला चिकटेना. ती वरच्यावर पुसल्यासारखी फिरू लागली. पुढच्या आठवड्यात तेच झाले, त्याच्या पुढच्यातही. पलीकडून धाकट्यांचा डावा हात मात्र पूर्वीसारखाच चालला होता. त्यांची ओळ दर सकाळी चकचकीत होत होती, थोडीथोडी आखूडही होत होती. थोरल्यांची ओळ लांब राहिली आणि बोथट. माझी एक बाजू चावत होती, दुसरी नुसती चाटत होती. मित्रांनो, तुमच्या तोंडातले एका बाजूचेच दात शाबूत असते तर तुम्हाला जेवताना कसे वाटले असते, याची कल्पना करा, आणि नंतर कल्पना करा की घरातली माणसे सारा दोष भाकरीला देत आहेत.

कारण इथे नेमके तेच सुरू झाले. काप डावीकडे वळू लागला. पहिले खापर फुटले ताणावर. ‘साखळी सैल झालीय,’ असे म्हणून थोरल्यांनी धाकट्यांकडून मला आवळून घेतले, इतके की बोटाने ओढले तरी मी पट्टीवरून हलले नाही. खरे तर मी थंड असताना हाताने सहज सरकले पाहिजे आणि पट्टीखाली लोंबता कामा नये. ताण बरोबर असल्याची खूण तीच. त्या दिवशी मी तापून निळी पडले, आणि काप वाकडाच गेला.

मग तेलाची पाळी. पट्टीच्या बुडाशी एक बारीक भोक असते, त्यातून मला तेल मिळते. ते भुशाने गच्च भरले होते, हे खरे. धाकट्यांनी तार घालून ते मोकळे केले, खाच खरवडून काढली, आणि मला किती बरे वाटले म्हणून सांगू! पण पाणी पाजल्याने दातांना धार येत नाही. काप वाकडाच. मग पट्टी उलटी करून बसवली. मग नवी पट्टी आणली. मग मला फिरवणारे आतले दातेरी चाक बदलले. मशीनचा एकेक अवयव बाकावर येऊन पडत होता, त्याची चौकशी होत होती, आणि ज्यांची चौकशी व्हायला हवी होती ते माझे उजवे दात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडे होते. दर सकाळी दोन माणसे त्यांच्यापासून वीतभर अंतरावर नाक ठेवून बसत होती! किंचाळावे असे वाटे. पण मी किंचाळले की माणसे म्हणतात, मशीन छान चालू झाले.

शेवटी लाकडावर आळ आला. ‘हे लाकूडच वाकड्या स्वभावाचं आहे,’ थोरले म्हणाले.

‘असेल, भाऊ,’ धाकटे म्हणाले, आणि जमिनीवरच्या भुशाकडे बघत राहिले. तिथे ढलप्या पडल्या होत्या आणि त्यांत पिठासारखी बारीक भुकटी मिसळली होती. ढलप्या कोणाच्या दातांच्या आणि भुकटी कोणाच्या, हे त्यांना कळले. त्यांनी तो ढीग पायाने विस्कटून टाकला. त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका कधीच कोणाचा आला नसेल.

स्टुलांसाठी ओंडक्याच्या चकत्या नेणारा सुतार एक दिवस दारात उभा राहिला. त्याने एक चकती फरशीवर ठेवली. ती एका बाजूला चार बोटे जाड आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटे होती.

‘साडूभाऊ,’ तो म्हणाला, ‘याचं स्टूल करू का घसरगुंडी?’

‘जरा तासून घ्या की,’ थोरले म्हणाले.

‘तासून घेतो. पण मग मजुरी माझी आणि कापल्याचं नाव तुमचं, असं नको. दोघं आहात ना कापायला? का एक कापतो आणि दुसरा ढकलतो?’

तो हसत गेला. थोरले हसले नाहीत. त्यांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. तेव्हा मला कळले की त्यांनाही ठाऊक आहे. धाकट्यांना ठाऊक होतेच. म्हणजे आता शेडमध्ये असा कोणीही उरला नव्हता ज्याला माझे दुखणे ठाऊक नाही, आणि तरीही उद्या सकाळी पुन्हा दोन पेले, दोन स्टुले, दोन कानशी. या माणसांचे करायचे काय?

त्याच आठवड्यात वाचनालयाचे काम आले. मागच्या अंगणात एक उंच झाड उभे वाळले होते आणि मुलांच्या वाचनखोलीच्या पत्र्यांकडे झुकले होते. ते उलट्या दिशेला, मोकळ्या अंगणात पाडायचे होते. अशा कामात काप बोटभर चुकला तरी झाड आपल्या मनाने पडते, आणि बुंध्याशी मशीन धरून उभा असतो तो माणूस. तो माणूस म्हणजे धाकटे साडू.

कामाच्या आदल्या दुपारी धाकट्यांची बायको डबा घेऊन शेडवर आली. थोरले फांद्या उतरवायला आधीच वाचनालयात गेले होते. तिने डबा बाकावर ठेवला आणि थेट विचारले, ‘बोललात का भाऊजींशी?’

‘काय बोलायचं?’

‘आता मला शिकवू नका. ताई म्हणाली, बरणीचं झाकणसुद्धा तिलाच उघडावं लागतं. रोज हात शेकून देते ती. आणि तुम्ही उद्या त्या झाडाखाली उभे राहणार.’

‘मी सांभाळून कापेन.’

‘आजवर सांभाळूनच कापत होतात ना? मग सुतार काय म्हणून गेला?’

धाकटे काही वेळ डब्याची कडी उघडत-मिटत राहिले. ‘त्यांनी मला या कामाला लावलं,’ ते म्हणाले. ‘कानस धरायची कशी, हे त्यांनी शिकवलं. आज मी त्यांच्या दातांना हात लावायचा म्हणजे...’

‘अहो, दात साखळीचे आहेत, भाऊजींचे नव्हेत!’

या बाईला मी तिथल्या तिथे माझी मालकीण मानले. इतक्या दिवसांत हे एवढे एक वाक्य कोणाच्या तोंडून निघाले नव्हते.

‘तुम्ही बोलणार नसाल तर मी बोलते,’ ती म्हणाली.

‘नको. तू बोललीस तर ते शेडवर यायचेच बंद होतील. माणूस कामावरून उठला की त्याचं काय होतं, ते मी बघितलंय.’

‘आणि तुम्ही उठलात तर? कायमचे?’

तिने रिकामा झालेला कालचा डबा उचलला आणि ती दार उचलून, ढकलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला, कानशी निघाल्या, एक दात थोरल्यांचा आणि एक धाकट्यांचा अशी धार लागली. मी होते तशीच राहिले.

वाचनालयाच्या अंगणात ग्रंथपाल बाई छत्री उघडून उभ्या होत्या, पाऊस नव्हता तरी. ‘वाचनखोली रिकामी केलीय,’ त्या म्हणाल्या, ‘पण कपाटं काही हलवता येईनात. पत्र्यांना धक्का लागला तर पुस्तकं गेली म्हणून समजा.’

‘लागणार नाही,’ थोरले म्हणाले. झाडाला वर दोर बांधून तो अंगणाच्या टोकाला नेलेला होता. तो खेचून धरायचे काम थोरल्यांचे.

झाड ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूने बुंध्याला आधी पाचरीच्या आकाराचे तोंड पाडतात. धाकट्यांनी मशीन आडवे धरले आणि मी बुंध्यात शिरले. शिरताक्षणी माझी तीक्ष्ण ओळ मला खाली ओढू लागली. आडव्या धरलेल्या मशीनमध्ये डावी बाजू म्हणजे जमिनीची बाजू. धाकट्यांनी मनगटे ताठ केली, दात आवळले. मी सालीपाशी सरळ होते, आणि आत जाऊन तिरपी उतरले. वरून दुसरा तिरपा काप घेऊन त्यांनी पाचर काढली, मशीन बंद केले आणि तोंड पाहिले. तरीही मागच्या बाजूने काप घ्यायला म्हणून ते बुंध्याला वळसा घालून गेले. मागून घेतलेला काप तोंडाच्या किंचित वर राहावा लागतो, म्हणजे मध्ये लाकडाची एक पट्टी उरते आणि झाड तिच्यावर बिजागरीसारखे वळते. मी मागूनही अशीच खाली घसरले असते तर ती बिजागरीच राहिली नसती.

‘थांबा,’ थोरले म्हणाले.

त्यांनी दोर खुंटाला गुंडाळून पक्का केला आणि ते चालत आले. बुंध्यापाशी उकिडवे बसले. तोंडाच्या आत त्यांनी डाव्या हाताची बोटे घातली आणि काप कुठे उतरला आहे ते चाचपले. मग जमिनीवरचा भुसा मुठीत घेऊन चोळला. मग माझ्या उजव्या ओळीतल्या एका दाताच्या कडेवर नख फिरवले. धार असलेल्या दातावर नख अडकते. तिथे ते सरळ पुढे गेले. थोरल्यांनी ते पुन्हा फिरवले, पुन्हा पुढे गेले. धाकटे त्यांच्या मागे उभे होते. ‘भाऊ,’ ते म्हणाले, ‘लाकूड जरा...’

‘लाकडाला काही झालेलं नाही,’ थोरले म्हणाले.

एवढेच. त्यांनी आदल्या दिवशी तोडलेल्या फांदीचा जाड ओंडका ओढून घेतला. त्यात धाकट्यांकडून एक खाच पाडवली, पट्टी त्या खाचेत उभी रोवली आणि बाजूने लाकडाची पाचर ठोकून ती घट्ट बसवली. ती बसवताना त्यांनी मशीन उलट फिरवले, म्हणजे उजवी ओळ धाकट्यांच्या डाव्या हाताला सोयीची आली. खिशातून कानस काढून ओंडक्यावर ठेवली, आणि ते बाजूला होऊन बसले.

धाकटे उभेच. मी वाट पाहत होते. ग्रंथपाल बाई छत्रीआडून पाहत होत्या.

‘बसा,’ थोरले म्हणाले. ‘ऊन चढेल.’

धाकटे बसले. त्यांनी आपली कानस काढली नाही. ओंडक्यावर ठेवलेली उचलली. पहिल्या उजव्या दाताला ती लागली, आणि मित्रांनो, इतक्या महिन्यांनी त्या बाजूला कोणीतरी मनापासून घासते आहे हे जाणवले तेव्हा मला दुखलेही आणि बरेही वाटले. उजवे दात लांब राहिले होते, डावे आखूड झाले होते. दोन्ही सारखे करायचे तर सगळ्यांत आखूड दात शोधायचा आणि बाकी सगळे त्याच्याइतके उतरवायचे, दुसरा मार्ग नसतो. म्हणजे माझ्या उरल्यासुरल्या आयुष्याचा मोठा भाग त्या ओंडक्यावर लोखंडी भुगा होऊन पडणार होता. वेळीच कोणी बोलले असते तर तो वाचला असता. याची चीड मला आजही आहे, आणि ती मी लपवणार नाही.

‘झाला का?’ धाकट्यांनी एका दातापाशी विचारले.

थोरल्यांनी डोळा बारीक करून पाहिले. त्यांची नजर अजून शाबूत होती. ‘केसभर आहे अजून.’

‘आता?’

‘अजून एक हात. बास. पुढचा.’

असे शेवटच्या दातापर्यंत चालले. दात उतरले तसे दातांपुढचे छोटे उंचवटे उंच ठरू लागले. दाताने एका वेळी किती लाकूड घ्यायचे ते उंचवटा ठरवतो. म्हणून चपट्या कानशीने तेही जपून खाली घेतले. जपून अशासाठी, की ते फार उतरले तर मी लाकडाचा घास मोठा घेते आणि मशीन उसळून माणसाच्या अंगावर येते. शेवटी थोरल्यांनी मला बोटाने पट्टीवर फिरवून पाहिले, ताण पाहिला, तेल पाहिले. मग उठून ते दोराकडे गेले.

धाकट्यांनी तोंड पुन्हा नीट करून घेतले आणि मागच्या बाजूने मला लावले. मी सरळ गेले. दोन्ही ओळी सारख्या चावत होत्या आणि धाकट्यांच्या बुटांवर टपोऱ्या ढलप्यांचा ढीग साठत होता. मध्ये उरलेली लाकडाची पट्टी बिजागरीसारखी वळली, धाकटे मशीन घेऊन बाजूला झाले, आणि झाड थोरल्यांनी दोर धरलेल्या दिशेला, अंगणाच्या मोकळ्या जागेत आडवे झाले. वाचनखोलीच्या पत्र्यांवर थोडी धूळ बसली. ग्रंथपाल बाईंनी छत्री मिटली.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी कातरी, विळी किंवा सायकल वाकडे काम करू लागली, तर तिला दोष देत तिचे सगळे सुटे भाग बदलण्याआधी एकदा तिच्या दोन्ही बाजू नीट पाहा. ती काय म्हणते ते तिच्या कामातच लिहिलेले असते. आणि तिला रोज सांभाळणाऱ्या माणसाचा हात दुखत असेल तर त्याला विचारा. मर्यादा पाळायला शेवटचा लाडू आहे. धारेच्या बाबतीत ती पाळू नका. तिथे तुमच्या गप्प राहण्याची किंमत माझ्यासारखीला दातांनी द्यावी लागते, आणि कधी कधी माणसालाही द्यावी लागते.

संध्याकाळी अवजारे आवरताना धाकट्यांची अवजारांची पेटी उघडी होती. ते दोर गुंडाळत होते. थोरल्यांनी आपली कानस फडक्याने पुसली, तिच्या खाचांत अडकलेला लोखंडी भुगा फुंकून काढला, आणि खिशात न घालता ती धाकट्यांच्या पेटीत त्यांच्या कानशीशेजारी ठेवली. धाकट्यांनी ते पाहिले. कानशींवर भार नको म्हणून त्यांनी दोर पेटीत कोंबला नाही, खांद्याला अडकवला. थोरल्यांनी झाकण लावले, कडी अडकवली, आणि डाव्या हाताने पेटी उचलून ते गाडीकडे चालू लागले.